अँटेनावरचा डिजिटल टीव्ही: लोक पुन्हा पुन्हा विचारतात ते प्रश्न

अँटेनाची वायर टीव्हीच्या मागे खुपसायची आणि फुकट चॅनल बघायचे, खरंतर एवढी साधी गोष्ट आहे. पण मधे स्टँडर्ड (सिग्नल पाठवायची ठरलेली पद्धत), ट्यूनर (सिग्नल पकडणारा भाग), कोडेक (चित्र दाबून बसवायची पद्धत) असले शब्द आले की माणूस गडबडतो आणि मग विकणारा जे हातात देईल ते घेऊन घरी येतो. मला हा विषय मनापासून आवडतो, लोकांचे पैसे उगाच वाया जाऊ नयेत असंही वाटतं, म्हणून जे कायम विचारलं जातं ते सगळं इथे एका जागी लिहून ठेवतोय.

हा अँटेनावरचा डिजिटल टीव्ही म्हणजे नक्की काय? डिश आणि केबलपेक्षा वेगळा कसा?

डिशचा सिग्नल आकाशातल्या उपग्रहावरून येतो, केबलचा वायरमधून, आणि हा येतो जमिनीवरच्या टॉवरवरून थेट तुमच्या अँटेनावर. म्हणजे आपल्या लहानपणी होतं तेच, फक्त हवेतून पूर्वी ॲनालॉग लहरी यायच्या आता त्यातून आकडे येतात. आकड्यांचा फायदा असा की ते दाबून बसवता येतात, त्यामुळे जिथे पूर्वी एकच चॅनल मावायचा तिथे आता चार-पाच किंवा त्याहून जास्त मावतात, किंवा एकच पण एचडी. अशा एकत्र बांधलेल्या चॅनलच्या गाठोड्याला मल्टिप्लेक्स म्हणतात. हे नीट ध्यानात ठेवा, कारण एक मल्टिप्लेक्स पकडला की त्यातले सगळे चॅनल येतात आणि तो गेला की सगळे एकदम जातात, आणि लोकांना वाटतं की टीव्हीच बिघडला.

जुना टीव्ही टाकून द्यावा लागतो का?

नाही. सेट-टॉप बॉक्स लावला की जुन्या टीव्हीवरही चालतं, फक्त बॉक्सला तुमच्या टीव्हीला जोडता येईल असं तोंड हवं, म्हणजे एचडीएमआय नसेल तर ते पिवळं-पांढरं-लाल तरी.

त्यासाठी खास 'डिजिटल अँटेना' किंवा 'एचडी अँटेना' लागतो ना?

अजिबात नाही, आणि हा गैरसमज जाईल तेवढं बरं. अँटेनाला आतमध्ये ॲनालॉग आहे की डिजिटल हे कळतच नाही, तो फक्त ठराविक लांबीच्या लहरी पकडतो. छपरावर वीस वर्षं जुना अँटेना असेल, वायर सडली नसेल आणि तो योग्य बँडचा (म्हणजे फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्याचा) असेल तर तोच चालेल.

बँडचं मात्र बघावं लागतं. टीव्हीचे बँड दोन, व्हीएचएफ आणि यूएचएफ. यूएचएफ लहरी आखूड, त्यामुळे त्यांच्या अँटेनाच्या दांड्या साधारण पाव मीटरच्या आसपास असतात. व्हीएचएफच्या वरच्या बँडला पाऊण मीटरच्या लागतात आणि खालच्या बँडला तर दोन मीटरच्या आसपास. खिडकीला चिकटवायचा तो कागदासारखा चपटा अँटेना व्हीएचएफवर का मार खातो ते यावरून समजेल. अमेरिकेत २००९ साली नेमकं हेच झालं, लोकांनी डिजिटल म्हणजे यूएचएफ असं धरून छोटे अँटेना घेतले आणि ॲनालॉग बंद झाल्यावर काही मोठी स्टेशनं परत आपल्या जुन्या व्हीएचएफ जागेवर गेली, फिलाडेल्फियात चॅनल ६ बघणाऱ्यांची यात बरीच पंचाईत झाली. तेव्हा आधी आपल्या भागातली स्टेशनं कुठल्या बँडवर आहेत ते बघा आणि मगच अँटेना घ्या.

चित्र काचेसारखं स्वच्छ असतं आणि एकदम गोठतं, चौकोन चौकोन होतात. पूर्वी असं व्हायचं नाही. का?

पूर्वी सिग्नल कमी झाला की मुंग्या यायच्या, आणखी कमी झाला की जास्त मुंग्या, पण मॅच तरी दिसायची. डिजिटलमध्ये चुका दुरुस्त करण्याची सोय सिग्नलमध्येच घातलेली असते, त्यामुळे सिग्नल खराब होत गेला तरी एका मर्यादेपर्यंत तुम्हाला काहीच कळत नाही, चित्र उत्तमच दिसतं. ती मर्यादा ओलांडली की मग दुरुस्ती जमत नाही आणि चित्र कड्यावरून कोसळल्यासारखं जातं. म्हणून 'चित्र तर छान येतंय' यावरून काही ठरत नाही, तुम्ही कड्याच्या अगदी टोकाला उभे असाल तर थोडा वारा, थोडा पाऊस, समोरून गेलेला ट्रक एवढं पुरतं.

मेनूमध्ये सिग्नलचे दोन आकडे असतात, एक ताकद आणि एक क्वालिटी. लोक ताकद बघतात. बघायची क्वालिटी. ताकद ९० आणि क्वालिटी ४० असेल तर बहुतेक वेळा सिग्नल इमारतींवर आपटून दोन-तीन वाटांनी येतोय, ॲनालॉगमध्ये याच कारणाने डबल चित्र, सावल्या दिसायच्या. अशावेळी बूस्टर लावून काही होणार नाही, अँटेना एखादा फूट इकडे-तिकडे किंवा वर सरकवून बघा. ऐकायला खोटं वाटतं पण एका फुटाने सगळं बदलतं, कारण यूएचएफ लहरीची लांबीच साधारण दीड-दोन फूट आहे.

इतकी वेगवेगळी स्टँडर्ड कशाला? जगात एकच का नाही?

मुख्य चार घराणी आहेत. अमेरिकेचं एटीएससी, युरोपचं डीव्हीबी-टी, जपानचं आयएसडीबी-टी आणि चीनचं डीटीएमबी. एटीएससीला अमेरिकेच्या एफसीसीने (तिथली प्रसारणावर देखरेख करणारी सरकारी संस्था) डिसेंबर १९९६ मध्ये मान्यता दिली, डीव्हीबी-टी १९९७ साली ठरलं आणि पुढच्याच वर्षी ब्रिटनमध्ये सुरू झालं, जपानने १ डिसेंबर २००३ ला टोकियो, ओसाका, नागोयात प्रसारण सुरू केलं, आणि चीनने आपलं २००६ मध्ये जाहीर केलं.

एकच का नाही, याचं उत्तर बरंचसं जुन्या ॲनालॉगमध्येच आहे. तेव्हाही एनटीएससी, पाल, सेकाम अशी वाटणी होतीच, कुठे चॅनलची रुंदी ६ मेगाहर्ट्झ, कुठे ७, कुठे ८. शिवाय प्रत्येकाची गरज वेगळी. अमेरिकेला त्याच ६ मेगाहर्ट्झमध्ये एचडी बसवायचं होतं आणि लांबवर पोचवायचं होतं. युरोपला जास्त चॅनल हवे होते आणि एकाच फ्रिक्वेन्सीवर अनेक टॉवर चालवायचे होते. जपानला चालत्या गाडीत, हातातल्या फोनवर चित्र हवं होतं, म्हणून त्यांनी चॅनलचे १३ तुकडे केले आणि त्यातला एक तुकडा फोनसाठी ठेवला. आणि मग पेटंट, कारखाने, देशाचा मान हे सगळं आहेच, ते नाकारण्यात अर्थ नाही.

मग सगळ्यात चांगलं कुठलं?

यावर इंजिनियर लोक वर्षानुवर्षं भांडलेत. एटीएससीमध्ये ८-व्हीएसबी पद्धत आहे, म्हणजे एकच वाहक लहर आणि तिच्यावर सगळा डेटा धडाधड, सेकंदाला १९.३९ मेगाबिट. डीव्हीबी-टीमध्ये ओएफडीएम, म्हणजे हजारो बारीक वाहक लहरी, एका मोडमध्ये १७०५ आणि दुसऱ्यात ६८१७, प्रत्येकीवर थोडा थोडा डेटा सावकाश जातो आणि मधे थोडी मोकळी वेळ सोडलेली असते, त्यामुळे आपटून उशिरा आलेला सिग्नल त्या मोकळ्या वेळेत जिरून जातो. शहरात, घरातल्या अँटेनावर हे फार कामाचं. एटीएससीच्या पहिल्या पिढीचे रिसीव्हर इथेच कमी पडायचे, म्हणून १९९९ मध्ये सिंक्लेअर या अमेरिकन कंपनीने एफसीसीकडे अर्ज केला की आम्हाला ओएफडीएमपण वापरू द्या, तो २००० साली फेटाळला गेला. तैवानने आधी एटीएससी निवडलं होतं, ते सोडून डीव्हीबी-टीकडे गेले. दक्षिण कोरियात यावरून काही वर्षं वाद चालला आणि शेवटी २००४ मध्ये एटीएससीच ठेवायचं ठरलं. पुढे एटीएससीचे रिसीव्हर चिप पिढीगणिक बरेच सुधारले आणि तक्रारी कमी झाल्या, पण गंमत नाही, खरी गोष्ट अशी की एटीएससीची पुढची पिढी जी आली, एटीएससी ३.०, ती ओएफडीएमवरच आहे. माझ्या मते वाद तिथेच मिटला.

पण घरी बघणाऱ्यासाठी हा प्रश्नच चुकीचा आहे असं मला वाटतं. तुमच्या देशात जे आहे तेच तुमचं, निवडायला काही नाहीच.

दुसऱ्या देशातून टीव्ही किंवा बॉक्स आणला तर चालेल?

स्टँडर्ड वेगळं असेल तर अँटेनाचे चॅनल येणार नाहीत, विषय संपला. एचडीएमआयवर बाकी सगळं चालेल. पण स्टँडर्ड एकच असेल तरीही फसगत होते आणि ही जास्त वाईट, कारण बॉक्सवर नाव तेच लिहिलेलं असतं. ब्राझीलने २००६ मध्ये जपानचं आयएसडीबी-टी घेतलं पण व्हिडिओसाठी एमपेग-२ ऐवजी एच.२६४ घातलं, त्यामुळे जपानचा टीव्ही ब्राझीलमध्ये चालेलच असं नाही. ब्रिटनमध्ये एचडी चॅनल डीव्हीबी-टी२ (डीव्हीबी-टीची पुढची पिढी) वर एच.२६४ मध्ये, जर्मनीतही डीव्हीबी-टी२ पण तिथे एचईव्हीसी, म्हणजे ब्रिटनसाठी बनवलेला जुना टी२ बॉक्स जर्मनीत सिग्नल पकडेल आणि स्क्रीन काळाच ठेवेल. स्टँडर्ड आणि कोडेक दोन्ही जुळले पाहिजेत.

डीव्हीबी-टी आणि टी२ मध्ये एवढा काय फरक आहे?

जागा. ब्रिटनमध्ये जुन्या पद्धतीने एका मल्टिप्लेक्समध्ये सेकंदाला २४ मेगाबिट मावायचे, टी२ ने तेवढ्याच रुंदीत ४० मेगाबिट. हे बरंचसं चूक-दुरुस्तीच्या नव्या गणितामुळे. पण टी२ चा सिग्नल जुना टी ट्यूनर वाचू शकत नाही, उलटं मात्र चालतं, टी२ चा टीव्ही सहसा जुना टीपण पकडतो. भारतात दूरदर्शननेही २०१६ पासून काही शहरांत टी२ च सुरू केलं.

लोकांनी हे डिजिटल प्रकरण घेतलं कशामुळे? चांगल्या चित्रामुळे?

माझं ठाम मत आहे, नाही. किंवा फार थोड्यांनी. लोकांनी घेतलं ते एकदा पैसे द्या आणि पुढे कायम फुकट, प्लस जास्त चॅनल, या कारणाने. आणि यासाठी ब्रिटनची गोष्ट बघायलाच हवी.

तिथे नोव्हेंबर १९९८ मध्ये ऑनडिजिटल नावाने अँटेनावरची पैसे भरून बघायची सेवा सुरू झाली. टेक्निकली नवीन, भारी, सगळं होतं. पण डिशवाल्यांशी स्पर्धा, सिग्नल अशक्त, चॅनल अडकायचे, चॅनल उघडणारी कार्डं हॅक होऊन बाजारात फिरायची, आणि वर फुटबॉलच्या हक्कांसाठी ३१ कोटी ५० लाख पाउंडांचा करार. नाव बदलून आयटीव्ही डिजिटल केलं तरी २००२ मध्ये बंद पडली. आता बघा, त्याच टॉवरवरून, त्याच स्टँडर्डवर, त्याच वर्षी ३० ऑक्टोबरला फ्रीव्ह्यू सुरू झालं. महिन्याचे पैसे नाहीत, बॉक्स घ्या आणि लावा. आणि त्यांनी अजून एक शहाणपण केलं जे मला सगळ्यात आवडतं, काही मल्टिप्लेक्सवर चॅनलची संख्या थोडी कमी करून सिग्नल जास्त मजबूत केला, म्हणजे जिथे आधी अडकायचं तिथे आता नीट दिसायला लागलं. फ्रीव्ह्यू घराघरात गेलं. स्टँडर्ड तेच, हवा तीच, निकाल उलटा.

दुसरी गोष्ट म्हणजे तारीख. ॲनालॉग चालू आहे तोवर अर्धे लोक हलत नाहीत, हे सगळीकडे दिसलं. बर्लिनने धाडस करून ४ ऑगस्ट २००३ ला ॲनालॉग बंद केलं, एवढ्या मोठ्या भागात असं करणारे ते जगात पहिले, आणि गरीब घरांना बॉक्ससाठी मदत दिली. लक्झेंबर्ग आणि नेदरलँड्स २००६ मध्ये पूर्ण देश म्हणून गेले. जपानने तर ॲनालॉग चॅनलच्या स्क्रीनवरच उरलेल्या दिवसांचा आकडा दाखवायला सुरुवात केली आणि २४ जुलै २०११ ला दुपारी बारा वाजता बंद केलं, फक्त भूकंप-त्सुनामीचा तडाखा बसलेल्या इवाते, मियागी आणि फुकुशिमा या तीन प्रांतांना ३१ मार्च २०१२ पर्यंत मुदत दिली. हा निर्णय मला फार माणुसकीचा वाटतो.

अमेरिकेत एका घराला ४० डॉलरची दोन कुपनं मिळायची, कन्व्हर्टर बॉक्ससाठी. मागणी एवढी आली की जानेवारी २००९ मध्ये ठरवलेला निधी संपला आणि लोक वेटिंग लिस्टवर गेले, मग १७ फेब्रुवारीची तारीख १२ जूनवर ढकलावी लागली. आणि एक फार महत्त्वाचं काम त्याआधीच झालं होतं, १ मार्च २००७ नंतर तिथे बनणाऱ्या किंवा आयात होणाऱ्या प्रत्येक टीव्हीत डिजिटल ट्यूनर असणं सक्तीचं केलं होतं. हे नसतं तर लोकांनी २००८ मध्ये नवा टीव्ही घेऊन २००९ मध्ये परत बॉक्सही घेतला असता.

पण ॲनालॉग बंद करायची गरजच काय होती?

हवेतली जागा मोकळी करायला. ती मोबाइल कंपन्यांना विकली गेली. अमेरिकेत ५२ ते ६९ नंबरचे चॅनल काढून घेतले, त्या ७०० मेगाहर्ट्झ पट्ट्याच्या २००८ च्या लिलावात सुमारे १९ अब्ज डॉलर आले. नंतर २०१७ मध्ये अजून एक लिलाव झाला आणि उरलेल्या स्टेशनांना परत सरकवलं, ते काम २०२० च्या जुलैपर्यंत चाललं. युरोपात आधी ८०० चा पट्टा गेला मग ७०० चा. टीव्हीची जागा दर काही वर्षांनी आकसतेय, आणि याचा त्रास शेवटी अँटेनावाल्या प्रेक्षकालाच होतो, तो कसा ते पुढच्याच प्रश्नात.

काल येत होता तो चॅनल आज गायब. टीव्ही बिघडला का?

आधी रीस्कॅन करा, म्हणजे टीव्हीला सगळे चॅनल परत शोधायला लावा. स्टेशनने फ्रिक्वेन्सी बदलली की टीव्हीला ते आपोआप कळत नाही. स्क्रीनवर दिसतो तो नंबर नुसता नावापुरता असतो, चॅनल ७ दिसतो पण हवेत तो ३३ वर असू शकतो. अमेरिकेत विल्मिंग्टन शहरात ८ सप्टेंबर २००८ ला सगळ्या देशाच्या आधी चाचणी म्हणून ॲनालॉग बंद केलं, तेव्हाही रीस्कॅन न केल्यामुळे बरेच जण अडकले होते, आणि तिथलं एक स्टेशन चॅनल ६ वरून ४४ वर गेल्यामुळे लांबच्या काही लोकांना ते खरोखरच मिळेनासं झालं, कारण खालच्या व्हीएचएफ लहरी डोंगर-झाडं वळसा घालून जितक्या लांब जातात तितक्या यूएचएफ जात नाहीत.

रीस्कॅननेही नाही आला तर आधीची यादी पूर्ण पुसून, अँटेनाची वायर काढून एकदा रिकामा स्कॅन करा आणि मग वायर लावून परत करा. जुना कचरा जातो.

बूस्टर लावू का?

बहुतेक वेळा नको. बूस्टर सिग्नलबरोबर गोंगाटही मोठा करतो आणि स्वतःचा थोडा घालतो. वायर खूप लांब असेल किंवा एका अँटेनावर तीन-चार टीव्ही असतील तर उपयोग होतो, आणि तेव्हाही तो वर अँटेनाजवळ लावायचा, खाली टीव्हीजवळ नाही. टॉवर जवळ असेल तर बूस्टरने ट्यूनर गुदमरतो आणि असलेले चॅनलही जातात. जवळ मोबाइलचा टॉवर नवीन आला आणि चित्र बिघडलं असेल तर बूस्टर नव्हे फिल्टर लावा, ब्रिटनमध्ये ८०० मेगाहर्ट्झवर ४जी आलं तेव्हा असे फिल्टर घरोघरी फुकट पाठवले होते.

नेक्स्टजेन टीव्ही म्हणजे एटीएससी ३.० आला, आता तोच घ्यायचा का?

आधी हे फक्त ते वापरणाऱ्या देशांपुरतं आहे हे लक्षात घ्या. दक्षिण कोरियाने ३१ मे २०१७ ला त्यावर अल्ट्रा एचडी सुरू केलं. अमेरिकेत एफसीसीने नोव्हेंबर २०१७ मध्ये परवानगी दिली पण सक्ती नाही, ना स्टेशनांना ना टीव्ही बनवणाऱ्यांना, आणि जुन्या ट्यूनरला हा सिग्नल अजिबात कळत नाही. टेक्नॉलॉजी म्हणून उत्तम आहे, घरातल्या अँटेनावर जास्त पक्का, ४के, चांगला आवाज, चालत्या गाडीतही चालेल असा.

मला खटकतं ते दुसरंच. बऱ्याच स्टेशनांनी या सिग्नलला कुलूप लावलंय, एन्क्रिप्शन. फुकट आहे पण मान्यता मिळालेल्या डिव्हाइसवरच उघडणार, त्यामुळे लोकांनी हौसेने घेतलेले काही नेटवर्क ट्यूनर आणि रेकॉर्डर त्या चॅनलवर निरुपयोगी ठरले. हवेतून येणारा फुकट टीव्ही कुठल्याही ट्यूनरवर दिसला पाहिजे, एवढीच तर त्याची ताकद आहे, ती काढली तर ऑनडिजिटलच्या कार्डांकडे परत चाललोय आपण. जुन्या एटीएससीवर तुमचे चॅनल नीट येत असतील तर घाई करू नका.

रेकॉर्ड करता येतं का?

अनेक टीव्ही आणि बॉक्सना यूएसबी ड्राइव्ह लावून येतं, पण ते रेकॉर्डिंग सहसा त्याच टीव्हीवर चालतं. जपानमध्ये सुरुवातीला एकच प्रत ठेवता यायची, लोक वैतागले, मग २००८ मध्ये दहा प्रतींची मुभा दिली.

फोनवर अँटेनाचा टीव्ही का नाही दिसत?

जपानमध्ये दिसायचा, १ एप्रिल २००६ पासून वन-सेग नावाने, वर सांगितलेला तो तेरापैकी एक तुकडा. बाकी बऱ्याच ठिकाणी डीव्हीबी-एच, मीडियाफ्लो असे प्रयत्न झाले, वेगळं नेटवर्क, वेगळे फोन, वेगळी फी, लोकांनी घेतलं नाही.

घरात चांगलं इंटरनेट आहे, मग अँटेना कशाला?

स्वित्झर्लंडमध्ये हाच विचार झाला, अँटेनावर बघणारे फार थोडे उरले म्हणून ३ जून २०१९ ला तिथल्या सार्वजनिक प्रसारकाने टॉवर बंदच केले. प्रत्येकाने आपापलं ठरवावं. मी अँटेना काढणार नाही. एकाच वेळी लाखो लोकांनी मॅच बघितली तरी टॉवरवर काडीचा भार पडत नाही, गोल शेजाऱ्याच्या मोबाइलपेक्षा आधी दिसतो, तुम्ही काय बघताय याची नोंद टॉवरकडे जात नाही, आणि वादळात नेट गेलं तरी टॉवर चालू असेल तर बातम्या येत राहतात.

नवीन टीव्ही घेताना एका वाक्यात काय बघू?

डब्यावरचा 'डिजिटल' किंवा 'स्मार्ट' शब्द नाही, स्पेसिफिकेशनच्या पानावर ट्यूनरची ओळ शोधा, त्यात तुमच्या देशाचं स्टँडर्ड अक्षरन्‌अक्षर तेच आहे का बघा (टी आणि टी२ मध्ये गल्लत नको), मग खाली कोडेकमध्ये तुमच्याकडचा कोडेक आहे का बघा. ट्यूनरची ओळच सापडली नाही तर त्यात बहुधा ट्यूनरच नाहीये, असे मोठे स्क्रीन आता सर्रास विकले जातात, त्यांना बाहेरून बॉक्स लावावा लागेल.